एका तबकडींतले चार प्रवाह

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राजवंश आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. शाळेंतल्या पुस्तकांची रचनाच तशी असते. परंतु ज्यांना कधीं राज्य मिळालें नाहीं, ज्यांच्या नांवाचा एकहि तह झाला नाहीं, अशा लोकांनाहि इतिहास असतो, आणि पुष्कळ वेळां तो कागदांऐवजीं गाण्यांत सांपडतो. आज मी आपणांपुढें बोलणार आहें तें अशाच एका गीतसंग्रहाविषयीं. १९७६ सालीं अमेरिकेंत ही ध्वनिमुद्रिका निघाली. तबकडी एकच, दोन्ही बाजूंस मिळून गाणीं नऊ. तिचे कर्ते राय कूडर, आणि तिचें नांव ‘चिकन स्किन म्यूझिक’.

नांव ऐकून आपणांस हंसूं येईल. सोललेल्या कोंबडीच्या कातडीवर जसे बारीक उंचवटे दिसतात, तसे सुंदर गाणें ऐकतांना माणसाच्या अंगावर उठतात. हवाई बेटांतील बोलीच्या इंग्रजींत त्याला ‘चिकन स्किन’ म्हणतात. आपण मराठींत ‘अंगावर कांटा आला’ म्हणतों, तेंच हें. तेव्हां ‘रोमांच उभे करणारें संगीत’ एवढाच त्या नांवाचा अर्थ.

या तबकडींत चार निरनिराळ्या लोकांचीं संगीतें एकत्र आलीं आहेत: दक्षिणेंतील कृष्णवर्णीयांचें, डोंगरी मुलुखांतील गरीब गोऱ्यांचें, टेक्ससमधील मेक्सिकनांचें आणि हवाई बेटांतील मूळ रहिवाशांचें. हीं चार संगीतें वेगवेगळीं आहेत असें अमेरिकेंतील व्यापारी जवळजवळ पन्नास वर्षें सांगत आले होते. तीं कधींच तशीं वेगळीं नव्हतीं, हें या एका तबकडीनें वादविवाद न करतां ऐकवून दाखविलें. हें कसें झालें, आणि यांत कोणाचें देणें कोणाकडे निघतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम कर्त्याची थोडी ओळख. राय कूडर यांचा जन्म १५ मार्च १९४७ रोजीं लॉस एंजेलिस येथें झाला. चार वर्षांचे असतांना सुरीच्या अपघातानें त्यांचा डावा डोळा गेला. लहानपणींच त्यांच्या हातीं गिटार आली, आणि तीच त्यांची विद्या ठरली. लॉस एंजेलिस येथें ‘ॲश ग्रोव्ह’ नांवाचें एक छोटेखानी संगीतगृह होतें. दक्षिणेंतील वृद्ध कृष्णवर्णीय गायक आणि डोंगरी मुलुखांतील वादक तेथें येत. शहरांतील तरुण त्यांच्या पायांशीं बसून शिकत. कूडर अशा शिकणाऱ्यांपैकीं एक. कांचेची अगर धातूची नळी बोटांत चढवून ती तारांवरून सरकवीत नेण्याची जी पद्धत आहे, तींत त्यांनीं विशेष प्रावीण्य मिळविलें. आपल्याकडे विचित्र वीणेवर कांचेचा गोळा फिरवून मींड काढतात, तिची आठवण व्हावी असा तो नाद असतो.

१९६५ च्या सुमारास अमेरिकेंतील तरुणांनीं जुन्या लोकगीतांस विजेच्या गिटारीची आणि ड्रमची जोड दिली, आणि त्या मिश्र प्रकारास ‘फोक-रॉक’ असें नांव पडलें. त्याच सुमारास ‘ताज महाल’ हें नांव धारण केलेल्या एका कृष्णवर्णीय गायकाबरोबर कूडर यांनीं एक वाद्यवृंद काढला. तो फार दिवस टिकला नाहीं. पुढें इतरांच्या ध्वनिमुद्रणांत साथ करून ते पोट भरूं लागले, आणि १९७० सालीं त्यांची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. ‘चिकन स्किन म्यूझिक’ ही त्या मालिकेंतील पांचवी.

आतां त्या व्यापाऱ्यांच्या विभागणीकडे वळूं. १९२० सालीं ‘ओके’ नांवाच्या कंपनीनें मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचें ‘क्रेझी ब्लूज’ हें गाणें मुद्रित केलें, आणि तें भराभर खपलें. कृष्णवर्णीय लोकहि पैसे देऊन तबकड्या विकत घेतात, हा शोध कंपन्यांना तेव्हां लागला. लगेच त्यांच्यासाठीं वेगळीं सूचीपत्रें निघालीं. त्या तबकड्यांस ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशाच्या तबकड्या, असें नांव मिळालें. डोंगरी गोऱ्यांच्या गाण्यांना ‘हिलबिली’, म्हणजे गांवढळांचीं गाणीं, म्हणूं लागले. मेक्सिकनांच्या तबकड्या निराळ्या, पोलंडहून आलेल्या लोकांच्या निराळ्या, हवाईच्या निराळ्या. त्या काळीं दक्षिणेंतील राज्यांत काळ्यांची आणि गोऱ्यांची शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, पाणी पिण्याचा नळसुद्धां वेगळा. गाण्यांच्याहि वाटण्या झाल्या, यांत नवल तें काय?

पण गाणारीं माणसें या वाटण्या पाळीत होतीं काय? याचें उत्तर कंपन्यांच्याच दप्तरांत मिळतें. टेक्ससमधील नार्सिसो मार्तीनेझ हे मेक्सिकन वंशाचे अकॉर्डियनवादक १९३६ सालापासून ‘ब्लूबर्ड’ कंपनीसाठीं वाजवूं लागले. त्यांचें वादन लुइझियानांतील फ्रेंच भाषिकांना विकतांना कंपनीनें तबकडीवर ‘लुइझियाना पीट’ असें नांव छापलें, आणि पोलिश गिऱ्हाइकांना विकतांना ‘पोल्स्की क्वार्टेट’! वादक तेच, हात तेच. बदललें तें कागदावरचें नांव. तीनहि समाजांनीं तें वादन आपलेंच समजून घेतलें, आणि त्यावर ते नाचले.

दुसरा दाखला जिमी रॉजर्स यांचा. डोंगरी संगीताचे आद्यपुरुष म्हणून त्यांचा मान आहे. १९२७ सालीं टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं त्यांचें पहिलें मुद्रण झालें. दोनच वर्षांनीं त्यांच्या तबकड्यांत हवाईचे जोसेफ काइपो गिटार वाजवूं लागले, आणि १९३० सालीं प्रख्यात कृष्णवर्णीय तुतारीवादक लुई आर्मस्ट्राँग यांनीं त्यांस साथ केली. ब्रिस्टल येथेंच मुद्रित झालेलें कार्टर कुटुंबहि असेंच. त्यांच्याकरितां ए. पी. कार्टर डोंगरांतून गाणीं गोळा करीत हिंडत, तेव्हां त्यांच्या संगतीस लेस्ली रिडल नांवाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपून घेत, रिडल चाल ध्यानांत ठेवीत. सूचीपत्रावर हीं सारीं ‘गोऱ्यांचीं गाणीं’ म्हणून नोंदलीं गेलीं.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली म्हणजे कूडर यांच्या तबकडींतील एकेका प्रवाहाचा उगम पाहतां येतो.

पहिला प्रवाह हडी लेडबेटर यांचा. लोक त्यांना ‘लेड बेली’ म्हणत. लुइझियाना राज्यांत १८८८ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. बारा तारांची गिटार आणि पहाडी आवाज ही त्यांची दौलत. आयुष्याचीं कित्येक वर्षें तुरुंगांत गेलीं. १९३३ सालीं लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स आणि त्यांचे चिरंजीव ॲलन हे सरकारी ग्रंथालयासाठीं ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन दक्षिणेंतील तुरुंग पालथे घालीत होते. अँगोला येथील तुरुंगांत त्यांना लेडबेटर भेटले. ‘गुडनाइट आयरीन’ हें गाणें तेथेंच प्रथम मुद्रित झालें. लेडबेटर यांनीं तें आपल्या चुलत्याकडून उचललें होतें. तरी त्याचा माग आणखी मागें जातो: गसी डेव्हिस या कृष्णवर्णीय गीतकारानें १८८६ सालीं याच नायिकेचें आणि याच निरोपाचें एक गीत छापून प्रसिद्ध केलें होतें. छापील गीत लोकांच्या तोंडीं गेलें, तोंडातोंडीं बदललें, आणि तुरुंगाच्या भिंतीआड तें पुन्हां लोकगीत म्हणून सांपडलें. ‘शुद्ध’ लोकगीताचा शोध घेणाऱ्यांनीं ही हकीकत विसरूं नये.

तबकडीचा प्रारंभ होतो तो लेडबेटर यांच्याच ‘बूर्झ्वा ब्लूज’ या गाण्यानें. १९३७ सालीं लेडबेटर पत्नीसह वॉशिंग्टन शहरीं गेले असतां त्यांच्या वर्णामुळें त्यांना राहावयास जागा मिळेना. ज्या सरकारच्या ग्रंथालयानें त्यांचा आवाज जपून ठेवला, त्या सरकारच्या राजधानींत त्या आवाजाच्या धन्याला रात्रीपुरतें छप्पर नव्हतें! त्या अपमानांतून हें गाणें झालें.

दुसरा प्रवाह डोंगरी गोऱ्यांचा. वेस्ट व्हर्जिनियांत ब्लाइंड आल्फ्रेड रीड नांवाचे एक अंध फिडलवादक होते. तेहि ब्रिस्टल येथेंच १९२७ सालीं प्रथम मुद्रित झाले. फिडल म्हणजे तेंच व्हायोलिन, फक्त देवडीवर वाजणारें. रीड यांचीं गाणीं सामान्य माणसाच्या संसाराचीं असत. पडलेल्या माणसाला ढकलूं नये, हात देऊन उठवावें, असा उपदेश करणारें त्यांचें एक गीत कूडर यांनीं या तबकडींत घेतलें, आणि त्याच्या पोटांत ‘कानाका वाइवाइ’ हें हवाईचें भक्तिपर गीत वाद्यांवर गुंफलें. अंध डोंगरी फिडलवादक आणि पॅसिफिक महासागरांतील बेटकर यांची जन्मांत गांठ पडली नाहीं. पण एकाच्या बोधाला दुसऱ्याची भक्ति अशी चपखल बसते कीं सांधा दिसत नाहीं.

तिसरा प्रवाह टेक्ससचा. १८४५ सालीं टेक्सस अमेरिकेंत सामील झालें आणि १८४८ च्या तहानें मेक्सिकोचा फार मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला. तेथील मेक्सिकन माणसें आपल्या घरींच राहिलीं. सरहद्द मात्र त्यांच्या डोक्यावरून पलीकडे सरकली. याच शतकांत जर्मन आणि चेक शेतकरी टेक्ससमध्यें वसाहतीस आले. त्यांनीं आपल्याबरोबर अकॉर्डियन आणलें, आणि त्यावर वाजणारे पोल्का आणि वॉल्ट्झ हे नाच आणले. मेक्सिकन मजुरांनीं तें वाद्य ऐकलें, उचललें, आणि आपल्या ‘बाहो सेक्स्तो’ या जाड बारा तारांच्या गिटारीशीं त्याची सोयरीक जुळविली. त्यांतून ‘कोन्हुंतो’ नांवाचा संगीतप्रकार जन्मला. लग्नकार्य असो कीं शनिवारची रात्र असो, मजुरांच्या वस्तीवर तोच वाजे. सॅन अँटोनियो शहरांतील फ्लाको हिमेनेझ हे त्याचे थोर वादक. त्यांचा जन्म १९३९ चा, मृत्यु २०२५ चा. आजोबा अकॉर्डियन वाजवीत, वडील सांतियागो यांच्या तबकड्या १९३६ पासून निघत होत्या. म्हणजे आपल्या भाषेंत सांगावयाचें तर हें घराणेंच.

अकॉर्डियन या वाद्याविषयीं दोन शब्द अधिक बोललों तर तें अस्थानीं होणार नाहीं, कारण त्याचें आपल्या पेटीशीं जवळचें नातें आहे. १८२९ सालीं व्हिएन्ना येथें त्याचें पेटंट घेतलें गेलें, आणि हार्मोनियमचें १८४२ सालीं पॅरिस येथें. दोहोंत तत्त्व एकच: भात्यानें वारा भरावयाचा आणि त्या वाऱ्यानें धातूची पातळ पट्टी, जिला पेटीवाले रीड म्हणतात, ती थरथरवावयाची. एक भावंड टेक्ससच्या मळ्यांत गेलें, दुसरें आपल्या नाटकगृहांत आणि भजनांत आलें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या हातीं पडल्यावर तें परदेशी आहे याची कोणास आठवणहि राहिली नाहीं. तरीहि मार्च १९४० पासून आपल्या नभोवाणीनें पेटीस बंदी केली, आणि १९७१ सालीं ती शिथिल होईपर्यंत तीस वर्षें पाळली. श्रुतींच्या दृष्टीनें त्या आक्षेपांत तथ्य होतेंच. परंतु ‘हें वाद्य आपलें नव्हे’ ही भावनाहि त्यामागें होती. एखादें वाद्य किती वर्षें वाजविलें म्हणजे आपलें होतें, हा प्रश्न टेक्ससच्या मजुरांनीं कोणास विचारला नाहीं. त्यांनीं तें वाजविलें, आणि तें त्यांचें झालें.

चौथा प्रवाह हवाईचा. आणि याचा इतिहास सर्वांत करुण आहे. १७९३ सालीं कॅप्टन व्हँकूव्हर यांनीं हवाईचे राजे कामेहामेहा यांस गुरें नजर केलीं. तीं इतकीं वाढलीं कीं पुढें तीं आवरण्यासाठीं, १८३० नंतर, मेक्सिकोच्या अमलाखालील कॅलिफोर्नियांतून कसलेले गुराखी बोलवावे लागले. त्या गुराख्यांबरोबर गिटार बेटांवर आली. बेटकरांनीं तिच्या खुंट्या सैल करून स्वतःच्या गळ्यास मिळतील अशा नव्या जुळण्या शोधल्या. एकेका कुटुंबाची जुळणी ठराविक, आणि ती परक्यास दाखवावयाची नाहीं, असा दंडक असे. १८७९ सालीं पोर्तुगीज मजूर मदैरा बेटांतून आले. त्यांच्या लहानग्या तंतुवाद्यापासून उकुलेले झालें. शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकु या विद्यार्थ्यानें गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादाचा तुकडा सरकविला, आणि ‘हवाइयन गिटार’ जन्मास आली.

याच काळांत त्या लोकांचें राज्य गेलें. १८९३ सालीं राणी लिलिउओकलानी यांस पदच्युत करण्यांत आलें, १८९८ सालीं अमेरिकेनें बेटें ताब्यांत घेतलीं. त्यांच्या दरम्यान, १८९६ सालीं, शाळांतील शिक्षण इंग्रजींतूनच झालें पाहिजे असा कायदा झाला, आणि मातृभाषेंत बोललें म्हणून मुलांना शिक्षा होऊं लागल्या. श्रोतेहो, ज्याची हयात वर्गांत गेली आहे त्याला हें वाक्य सहजासहजीं उच्चारवत नाहीं. पोराच्या तोंडून त्याच्या आईची भाषा काढून घेण्यासाठीं शिक्षकाच्या हातांतली छडी वापरली गेली. आणि दुसरीकडे, १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनांत त्याच बेटांचें संगीत ऐकून अवघी अमेरिका डोलूं लागली. वाद्य हवें, गाणें हवें. गाणाऱ्याची भाषा मात्र नको!

त्या मुलांच्या पिढ्यांतून गॅबी पाहिनुइ आले. जन्म १९२१, मृत्यु १९८०. हवाईच्या गिटारवादनाचे ते महापुरुष. परंतु संसार चालविण्यासाठीं होनोलुलू शहराच्या रस्तेदुरुस्तीच्या टोळींत त्यांनीं वर्षानुवर्षें काम केलें. कूडर यांनीं त्यांचें वादन ऐकलें आणि ते बेटांवर गेले. १९७५ सालीं गॅबी यांच्या वाद्यवृंदाची तबकडी निघाली, तींत कूडर हे साथीदार होते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधीं गॅबींच्या वृंदांत बसून साथ केली. पुढल्या वर्षीं त्यांना आपल्या तबकडींत बोलाविलें.

आतां तबकडींत प्रत्यक्ष काय होतें तें पाहा. कूडर यांची युक्ति अशी कीं एका फळीवरचें गाणें उचलावयाचें आणि दुसऱ्या फळीवरच्या रीतीनें वाजवावयाचें. आणि त्या रीतीचा जो अस्सल वादक, त्यालाच जवळ बसवावयाचें. ‘ही’ल हॅव टु गो’ हें जिम रीव्हज यांचें गाणें आपल्याकडेहि पुष्कळ घरीं तबकडीवर वाजत असे. गोऱ्या लोकांच्या शहरी-डोंगरी संगीताचा तो नमुना. कूडर यांनीं त्याला मेक्सिकन लय दिली, आणि फ्लाको यांचें अकॉर्डियन त्यांत गायकाशीं संवाद करूं लागलें. विरहाचें तें गाणें सरहद्दीवरच्या एखाद्या उपहारगृहांत जन्मल्यासारखें वाटतें. ‘स्टँड बाय मी’ हें बेन ई. किंग यांनीं १९६१ सालीं गाजविलेलें गीत. येथें कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतील गायक बॉबी किंग, टेरी एव्हान्स आणि त्यांचे सोबती मागें सूर धरतात, आणि त्या सुरांवरून मेक्सिकन अकॉर्डियन तरंगत जातें. ‘येलो रोझेस’ हें हँक स्नो यांचें डोंगरी वळणाचें गीत गॅबी पाहिनुइ आणि अट्टा आइझॅक्स यांच्या गिटारींवर हवाईचें होऊन जातें. तालवाद्यांवर मिल्ट हॉलंड आहेत. हे गृहस्थ पंडित चतुरलाल यांच्याकडे तबला शिकलेले.

सर्वांत शेवटीं ‘गुडनाइट आयरीन’. तुरुंगांतल्या कृष्णवर्णीय कैद्याचें गाणें, आणि त्यावर फ्लाको यांचें अकॉर्डियन. कोणी म्हणेल, ही ओढाताण झाली. पण थांबा. तें गाणें तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या चालींत आहे. आणि जर्मनांपासून मेक्सिकनांनीं जे नाच घेतले त्यांत वॉल्ट्झ होताच. आणखी एक गोष्ट: लेडबेटर स्वतः तरुणपणीं अकॉर्डियन वाजवीत असत. गिटारीनें त्यांना कीर्ति दिली खरी, परंतु खेड्यांतल्या नाचांच्या रात्रीं तें वाद्यहि त्यांच्या हातीं असे. म्हणजे कूडर यांनीं त्या गाण्यावर कांहीं परकें लादलें नाहीं. दुरावलेलीं दोन भावंडें त्यांनीं एका पंक्तीस बसविलीं.

येथें एक आक्षेप निघतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सांता मोनिकासारख्या सुखवस्तु गांवांत वाढलेल्या गोऱ्या तरुणानें कैद्यांचीं, मजुरांचीं आणि राज्य गमावलेल्या लोकांचीं गाणीं घ्यावीं, तबकडीच्या मुखपृष्ठावर स्वतःचें नांव घालावें, ही लूट नव्हे काय? प्रश्न योग्य आहे, कारण अशी लूट झालेली आहे. लोमॅक्स यांनीं लेडबेटर यांस तुरुंगाबाहेरच्या जगापुढें आणलें, त्यांच्याकडून मोटारहि हांकवून घेतली, आणि कैद्याच्या कपड्यांत त्यांना लोकांपुढें उभें केलें. मिळकतीच्या वांटणीवरून १९३५ सालीं दोघांत वितुष्ट आलें. ६ डिसेंबर १९४९ रोजीं लेडबेटर न्यूयॉर्क येथें गेले, तेव्हां त्यांच्यापाशीं पैसा नव्हता. पुढल्याच वर्षीं ‘वीव्हर्स’ नांवाच्या गोऱ्या गायकांनीं ‘गुडनाइट आयरीन’ गाइलें, आणि तें तेरा आठवडे खपाच्या यादींत पहिलें राहिलें. ज्यानें तें गाणें जन्मभर सांभाळलें, त्याला तो दिवस पाहतां आला नाहीं.

या कसोटीवर कूडर यांची तबकडी लावून पाहूं. त्यांनीं ज्यांची विद्या घेतली त्यांच्यापाशीं ते आधीं शिष्य म्हणून गेले. जे हयात होते त्यांना बोलावून, त्यांचेंच वाद्य त्यांच्या हातीं देऊन वाजवावयास लाविलें. त्यांची नक्कल करून भागविलें नाहीं. १९७६ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांचा जो जलसा मुद्रित झाला, त्यांत मेक्सिकन वादक आणि कृष्णवर्णीय गायक एकाच रंगमंचावर उभे होते. फ्लाको हिमेनेझ यांचें नांव टेक्ससबाहेर पसरण्यास या सहवासाचा मोठा उपयोग झाला, आणि पुढील दशकांत त्यांच्या स्वतःच्या तबकडीस ‘ग्रॅमी’ हें अमेरिकेंतील मोठें पारितोषिक मिळालें. तरीहि जमाखर्च पुरा होत नाहीं. मुखपृष्ठावर नांव एकाचेंच राहिलें. गॅबी रस्त्यावर राबत होते तेव्हां कूडर यांस मोठ्या कंपनीचें दार उघडें होतें. तें दार कोणास उघडतें आणि कोणास नाहीं, हें गुणांवर ठरत नव्हतें. एका भल्या माणसाच्या सौजन्यानें हें देणें फिटत नाहीं. फार तर तें नांवानिशीं वहींत नोंदलें जातें. परंतु नोंद नसलेलें कर्ज बुडतें, आणि नोंद असलेलें कधींतरी मागतां येतें, हा व्यवहार आपणां सर्वांस ठाऊक आहे.

या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोंचतो. हवाइयन गिटार फिरस्त्या वादकांबरोबर पृथ्वीभर हिंडली. ताउ मो या बेटकर वादकाचें कुटुंब १९४० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास राहिलें, आणि तेथें त्या वाद्याचे शिष्य तयार झाले. मुंबईंत व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनीं त्यावर चित्रपटगीतें वाजविलीं. त्या तबकड्या ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना तो लांबत जाणारा सूर अजून आठवत असेल. ब्रिजभूषण काबरा यांनीं तेंच वाद्य रागसंगीतांत आणलें, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडींत तें शिवकुमार शर्मा यांचें संतूर आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बांसरी यांच्या जोडीला बसलें. पुढें विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारीस तरफांची जोड देऊन तिला ‘मोहन वीणा’ केलें. १९९२ सालीं कॅलिफोर्नियांतील सांता बार्बारा येथें, एका प्रार्थनागृहांत, भट्ट आणि कूडर समोरासमोर बसून वाजवूं लागले. त्यांतून ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका झाली, आणि १९९४ सालीं तिला ग्रॅमी पारितोषिक मिळालें. मेक्सिकोच्या गुराख्यानें बेटांवर नेलेली, बेटावरच्या विद्यार्थ्यानें मांडीवर आडवी घेतलेली, कलकत्त्याच्या बंदरांत उतरलेली आणि राजस्थानांत वीणा झालेली गिटार कॅलिफोर्नियांत परत गेली, आणि तेथें तिची गांठ तिच्याच एका दूरच्या आप्ताशीं पडली.

याचें तात्पर्य काय? ‘आमचें संगीत शुद्ध, तुमचें भेसळीचें’ असें जो म्हणतो, त्यानें आपल्या घरांतील एक वाद्य उचलावें आणि तें कोणत्या वाटेनें आलें याचा शोध करावा. तो शोध त्याला एखाद्या बंदरावर, मळ्यांत, तुरुंगांत किंवा गुराख्याच्या तळावर नेऊन सोडील. आणि ‘कला सर्वांची आहे, तेव्हां कोणाचें नांव घेण्याचें कारण नाहीं’ असें जो म्हणतो, त्यानें ६ डिसेंबर १९४९ ही तारीख ध्यानांत ठेवावी. घेणें हा गुन्हा नाहीं; सर्वांनींच सर्वांपासून घेतलें आहे. ज्याच्यापासून घेतलें त्याचें नांव पुसून टाकणें हा गुन्हा आहे.

राणी लिलिउओकलानी यांस पदच्युत केल्यापासून पंचाऐंशी वर्षांनीं, १९७८ सालीं, हवाईची भाषा पुन्हां तेथील राज्यभाषा झाली. त्या मधल्या काळांत, छडीच्या धाकानें शाळेंत मुकी झालेली ती भाषा, शाळेबाहेर गाण्यांत जिवंत राहिली होती. म्हणून म्हणतों, श्रोतेहो, गाणें हें इतिहासाचें साधन आहे. तें ऐकतांना गाणाऱ्याचें नांव विचारीत जा.